जीवाणूंची विकरे आणि तांबड्या रक्तपेशीचे पटल : एका शोधाचा इतिहास (१८९२–१९९८)

प्रस्तावना

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जीवाणूविषयी एक वाक्य हमखास आढळते. ते असे, की या जीवाणूचे अल्फा जीवविष हे लेसिथिनेज नावाचे विकर असून ते तांबड्या रक्तपेशीच्या पटलातील लेसिथिनचे विघटन करते व त्यामुळे पेशी फुटते. हे वाक्य चुकीचे नाही. तथापि त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास लक्षात घेतल्यास हे वाक्य अपुरे आहे, असे दिसून येते.

विकर म्हणजे एन्झाइम. जीवविष म्हणजे सजीवाने निर्माण केलेला विषारी पदार्थ. या दोन कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे विकसित झाल्या. जीवविष हे विकरच असू शकते, ही शंका अनेकांनी व्यक्त केली होती. परंतु तिला रासायनिक पुरावा १९४१ साली मिळाला. त्यानंतरही एक प्रश्न शिल्लक राहिला. सारखेच रासायनिक कार्य करणाऱ्या दोन विकरांपैकी एक रक्तपेशी फोडते आणि दुसरे फोडत नाही, असे का? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आणखी अर्धे शतक जावे लागले. प्रस्तुत लेखात या दोन टप्प्यांचा आढावा घेऊन, पटलाची हानी ही केवळ विकराच्या रसायनावर नव्हे, तर विकर आणि पटल यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते, हा विचार कसा सिद्ध होत गेला ते मांडले आहे.

वायुकोथाचा जीवाणू

१८९२ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटॉल यांनी एका नव्या जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. एका रुग्णाच्या शवविच्छेदनात त्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये वायूचे बुडबुडे आढळले होते. त्या रक्तातून त्यांनी प्राणवायूविना वाढणारा, वायू निर्माण करणारा दंडाणू वेगळा केला. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्ग येथे ऑयगेन फ्रेंकेल यांनी ऊतींमध्ये वायू साठून होणाऱ्या तीव्र संसर्गाशी याच जीवाणूचा संबंध दाखविला. हा जीवाणू पुढे वेल्च यांच्या नावाने ‘क्लॉस्ट्रिडियम वेल्चाय’ म्हणून आणि नंतर ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

याच दशकात रक्तविलयन, म्हणजे तांबडी रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडणे, हा प्रयोगशाळेतील अभ्यासाचा विषय बनला. १८९८ साली झ्यूल बोर्दे यांनी रक्तरसामुळे परक्या प्राण्याच्या रक्तपेशी विरघळतात, हे दाखविले. पॉल एर्लिख यांनी त्याच सुमारास धनुर्वाताच्या जीवाणूपासून मिळणाऱ्या रक्तविलयी पदार्थाचे वर्णन केले. तांबडी रक्तपेशी ही अशा अभ्यासाला अतिशय सोयीची होती. सस्तन प्राण्यांच्या प्रगल्भ रक्तपेशीत केंद्रक नसते, अंतर्गत पटले नसतात. तिच्यात जे काही पटल आहे ते बाहेरचेच. ती फुटली की लाल रंग द्रवात उतरतो आणि तो डोळ्यांना दिसतो. त्यामुळे प्राणी न मारता विषाचे मापन करण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग सुरू झाला. मात्र पेशी का फुटते, याचे उत्तर त्या काळी ‘विषामुळे’ याहून अधिक देता येत नव्हते.

पहिल्या महायुद्धाने या जीवाणूला भयावह प्रसिद्धी मिळवून दिली. फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्समधील शेतजमिनीत पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातले गेले होते आणि त्या मातीत जनावरांच्या आतड्यांतून आलेले बीजाणू विपुल होते. तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर ही माती आणि गणवेशाच्या चिंध्या सैनिकांच्या स्नायूंत खोल शिरत. १९१४–१५ मध्ये याच आघाडीवर भारतीय सैन्याच्या तुकड्याही लढत होत्या. ज्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला होता त्यांत प्राणवायू नसल्याने जीवाणू वेगाने वाढत. अवयव सुजे, दाबल्यास त्वचेखाली वायू कुरकुरे, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवे. मृत ऊती कापून काढणे व जखम उघडी ठेवणे हा शस्त्रक्रियेतील उपाय याच अनुभवातून रूढ झाला.

१९१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कॅरोल बुल आणि आयडा प्रिचेट यांनी या जीवाणूच्या द्रवसंवर्धात विद्राव्य जीवविष असते आणि त्याविरुद्ध प्रतिविष तयार करता येते, हे दाखविले. रोगाचे कारण केवळ जीवाणूची वाढ नसून त्याने सोडलेला पदार्थ आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. हा पदार्थ प्राणघातक होता, ऊती कुजविणारा होता आणि रक्तविलयीही होता. हे तीन गुण एकाच पदार्थाचे की तीन निरनिराळ्या पदार्थांचे, हे मात्र सांगता येत नव्हते.

सर्पविषाचा धागा

जीवाणूंपासून दूर, सर्पविषाच्या अभ्यासात या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच सापडले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी नाग व घोणस यांच्या विषांवर अनेक देशांत संशोधन चालू होते. मुंबईत परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, जॉर्ज लँब यांनी घोणशीच्या विषाचा रक्तावरील परिणाम अभ्यासला होता. अमेरिकेत सायमन फ्लेक्सनर व हिदेयो नोगुची यांनी १९०२ साली सर्पविषामुळे होणाऱ्या रक्तविलयनाचे प्रयोग प्रसिद्ध केले.

त्याच सुमारास फ्रँकफर्ट येथे एर्लिख यांच्या संस्थेत प्रेस्टन काइज यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. स्वच्छ धुतलेल्या काही प्राण्यांच्या रक्तपेशी नागाच्या विषाने फुटत नव्हत्या. परंतु मिश्रणात लेसिथिन घातल्यास त्या फुटत. विष व लेसिथिन यांचे संयुग बनून ते पेशी फोडते, असा अर्थ काइज यांनी लावला. तो पुढे टिकला नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत देलझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्याच्या बलकावर नागाच्या विषाची क्रिया घडवून आणली आणि १९१४ साली देलझेन व फूर्नो यांनी त्यातून निर्माण होणारा रक्तविलयी पदार्थ ओळखला. तो संयुग नसून लेसिथिनचे विघटन होऊन उरलेला भाग होता. सर्पविषातील विकर लेसिथिनच्या रेणूतील एक मेदाम्ल तोडते. उरलेला रेणू साबणासारखा वागतो आणि पटल विरघळवतो. या रेणूला पुढे लायसोलेसिथिन हे नाव रूढ झाले.

विकर, लेसिथिन, अंड्याचा बलक आणि रक्तविलयन ही चारही सूत्रे १९१४ सालीच एकत्र आली होती. तथापि जीवाणूंच्या विषांचे अभ्यासक व सर्पविषाचे अभ्यासक यांची क्षेत्रे वेगळी राहिली. विज्ञानाच्या इतिहासात माहिती उपलब्ध असूनही तिचा उपयोग न होण्याची उदाहरणे अनेक आहेत. त्यांपैकी हे एक होय.

विषांची नावे आणि मोजमाप

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पशुवैद्यकाच्या गरजेतून या संशोधनाला शिस्त आली. मेंढ्यांमधील आतड्यांचे अनेक रोग याच जीवाणूच्या निरनिराळ्या प्रकारांमुळे होतात, असे आढळून आले होते. १९३१ साली विल्सडन यांनी जीवाणूचे अ, ब, क, ड असे प्रकार पाडले. १९३३ साली इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळांतील ग्लेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवविषांना अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरांची नावे दिली. प्रत्येक विषाची ओळख विशिष्ट प्रतिविषाने ते निष्प्रभ होते की नाही, यावरून ठरत असे. सर्व प्रकारांत आढळणारे आणि अ प्रकारात प्रमुख असलेले विष म्हणजे अल्फा.

या पद्धतीमुळे मोजमाप अचूक झाले; परंतु विषाची ओळख त्याच्या परिणामावरूनच होत होती. ते रेणूच्या पातळीवर काय करते, हा प्रश्न या पद्धतीत विचारलाच जात नव्हता. याच काळात तांबड्या रक्तपेशीच्या पटलाविषयी मात्र मूलभूत माहिती मिळाली होती. १९२५ साली नेदरलँड्समधील लायडन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतून मेद काढून पाण्याच्या पृष्ठभागावर पसरविले. त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. यावरून पटल हे मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना छेदून गेल्या, हे नंतर लक्षात आले. निष्कर्ष मात्र बरोबर ठरला.

१९३९ ते १९४१ : बलक, गढूळपणा आणि लेसिथिनेज

१९३९ साली नागलर आणि झायफर्ट यांनी स्वतंत्रपणे एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. मानवी रक्तरसात अ प्रकारच्या जीवाणूचे जीवविष मिसळल्यास स्वच्छ रक्तरस दुधाळ होतो. योग्य प्रतिविष आधी घातल्यास हा बदल घडत नाही. मानवी रक्तरसाऐवजी अंड्याच्या बलकाचे द्रावण वापरले तरी तेच दिसते, हेही लवकरच स्पष्ट झाले. १९४१ साली ग्विन मॅकफार्लेन, ओकली आणि अँडरसन यांनी रक्तविलयन आणि हा दुधाळपणा ही दोन्ही अल्फा जीवविषाचीच कार्ये आहेत, असे दाखविले.

त्याच वर्षी लंडनच्या लिस्टर संस्थेतील मार्जरी मॅकफार्लेन आणि वेलकम प्रयोगशाळेतील नाइट यांनी या दुधाळपणाचे रसायन उलगडले. (मार्जरी मॅकफार्लेन आणि वर उल्लेखिलेले ग्विन मॅकफार्लेन या दोन भिन्न व्यक्ती आहेत, संदर्भ देताना अनेकदा गल्लत होते.) त्यांनी जीवविषाची क्रिया शुद्ध केलेल्या लेसिथिनवर घडवून आणली. लेसिथिनचे विघटन होऊन फॉस्फोकोलीन हा पाण्यात विरघळणारा भाग बाहेर पडला आणि न विरघळणारा डायग्लिसराइड हा मेद मागे राहिला. रक्तरसातील व बलकातील दुधाळपणा हा याच सुट्या झालेल्या मेदाचा होता. या क्रियेला कॅल्शियमची आवश्यकता होती. याहून निर्णायक बाब अशी, की निरनिराळ्या नमुन्यांत लेसिथिन तोडण्याची क्षमता, रक्तविलयनाची क्षमता आणि प्राणघातकता यांचे प्रमाण एकमेकांशी जुळत होते आणि प्रतिविषाने ती क्षमता रोखली जात होती.

एखाद्या जीवाणूच्या जीवविषाचे रासायनिक कार्य निश्चित होण्याचा हा पहिला प्रसंग होय. घटसर्पाच्या विषाचे विकरस्वरूप सिद्ध होण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले, यावरून या शोधाचे अग्रेसरत्व ध्यानात येते. सर्पविषातील विकर आणि हे विकर यांतील भेदही लक्षणीय आहे. सर्पविष लेसिथिनचे मेदाम्ल तोडते, तर अल्फा जीवविष त्याचे शीर्ष तोडते. एकात साबणासारखा रेणू निर्माण होतो, दुसऱ्यात पटलात तेलासारखा मेद उरतो. परिणाम दोन्हींचा रक्तविलयन हाच, मार्ग भिन्न.

या शोधाचा तात्काळ उपयोग निदानात झाला. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४१ साली नॅन्सी हेवर्ड यांनी जखमेतील जीवाणू त्वरित ओळखण्यासाठी नागलर यांची प्रतिक्रिया वापरली. बलकयुक्त माध्यमाच्या बशीच्या अर्ध्या भागावर प्रतिविष पसरावयाचे व दोन्ही भागांवर जीवाणूची रेघ ओढावयाची. प्रतिविष नसलेल्या भागात रेघेभोवती पांढरट वलय उमटते, दुसऱ्या भागात उमटत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेलेली ही कसोटी म्हणजे १९४१ च्या शोधाचे दृश्य रूप आहे.

विकर असणे पुरेसे आहे काय?

शोध लागला, परंतु एक विसंगती शिल्लक राहिली. बॅसिलस सिरियस हा मातीत सर्वत्र आढळणारा जीवाणूही लेसिथिनचे शीर्ष तोडणारे विकर निर्माण करतो. परीक्षानळीत ते लेसिथिनवर उत्तम काम करते. परंतु शुद्ध स्वरूपात ते अखंड मानवी रक्तपेशींना फोडत नाही. लेसिथिन तुटले की पेशी फुटते, एवढेच जर कारण असेल, तर हे घडावयास नको होते.

या प्रश्नाचा शोध नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे व्हान डीनेन यांच्या गटाने घेतला. १९७२ साली मार्क ब्रेचर यांनी रक्तपेशीच्या दुहेरी थराचे दोन भाग सारखे नसावेत, अशी कल्पना मांडली होती. झ्वाल, रूलॉफसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध विकरे रक्तपेशींवर एकेक करून व क्रमाने वापरली आणि कोणत्या मेदाचे किती विघटन होते ते मोजले. त्यासाठी जीवाणूंच्या विकरांबरोबरच नागाच्या विषातील विकरही वापरले गेले. १९७३ ते १९७५ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या या कामातून पुढील चित्र स्पष्ट झाले. मानवी रक्तपेशीत लेसिथिनचा सुमारे तीन चतुर्थांश आणि स्फिंगोमायलिनचा सुमारे चार पंचमांश भाग बाहेरच्या थरात असतो. फॉस्फॅटिडिलसेरीन हे जवळजवळ सर्व आतल्या थरात असते. बाहेरून काम करणाऱ्या विकराला बाहेरच्या थरापर्यंतच पोहोचता येते.

दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित होती. नागाच्या विषातील विकर आणि स्फिंगोमायलिन तोडणारे विकर यांनी मिळून पटलातील फॉस्फोलिपिडांपैकी जवळजवळ निम्मे तोडले, तरी पेशी फुटत नसे. म्हणजे विघटन आणि विलयन या दोन वेगळ्या घटना आहेत. उलट बॅसिलस सिरियसचे विकर व स्फिंगोमायलिन तोडणारे विकर एकत्र वापरल्यास पेशी फुटे, जरी त्यांपैकी प्रत्येक एकेकटे असताना तसे करू शकत नव्हते.

याचे कारण १९७५ साली डेमेल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी सुचविले. पाण्याच्या पृष्ठभागावर लेसिथिनचा एकेरी थर पसरून तो कमी-अधिक दाबाने दाटविता येतो. जी विकरे अखंड रक्तपेशीवर निष्प्रभ होती ती सुमारे ३१ डाइन प्रति सेंटिमीटरपेक्षा अधिक दाबाच्या थरात शिरू शकत नव्हती. जी विकरे रक्तपेशीवर परिणाम करीत, ती त्याहून अधिक दाबाच्या थरातही शिरत. म्हणजे रक्तपेशीच्या बाहेरच्या थरातील रेणू इतके दाटीने बसलेले असतात, की बॅसिलस सिरियसच्या विकराला आत शिरकाव मिळत नाही; परफ्रिंजेन्सच्या विकराला मिळतो. स्फिंगोमायलिन आधी तोडल्यास ही दाटी बिघडते आणि एरवी बाहेर राहणाऱ्या विकराचीही वाट मोकळी होते. पेशीची हानी ही विकराच्या तोडण्याच्या क्षमतेइतकीच पटलात शिरण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते, हा निष्कर्ष येथे प्रथम स्पष्टपणे हाती आला.

स्टॅफिलोकॉकसचे ‘उष्ण–शीत’ रक्तविलयन

हाच नियम वेगळ्या रूपाने स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बीटा जीवविषात दिसतो. ग्लेनी व स्टीव्हन्स यांनी १९३५ साली ते अल्फा विषापासून वेगळे ओळखले. मेंढीच्या रक्तपेशी या विषासह ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्या असता फारसा बदल दिसत नाही. परंतु नंतर त्या थंड केल्या, की झपाट्याने फुटतात. १९६३ साली डोअरी आणि सहकाऱ्यांनी हे विष स्फिंगोमायलिन तोडणारे विकर आहे, हे दाखविले. मेंढीच्या रक्तपेशीत लेसिथिन जवळजवळ नसते व फॉस्फोलिपिडांचा सुमारे अर्धा भाग स्फिंगोमायलिनचा असतो. मानवी पेशीत त्याचे प्रमाण बरेच कमी असते आणि म्हणून ती या विषाला तितकी बळी पडत नाही. येथे विकर तेच, पटल वेगळे, आणि म्हणून परिणाम वेगळा.

प्रत्यक्ष फुटण्याआधी पटल दुर्बळ झालेले असते, याचा उपयोग ऑस्ट्रेलियात क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंक-पीटरसन यांनी १९४४ साली वर्णन केलेल्या ‘कॅम्प’ कसोटीत होतो. स्टॅफिलोकॉकसच्या रेघेजवळ ब गटाचा स्ट्रेप्टोकॉकस वाढविल्यास दोहोंच्या मध्ये बाणाच्या टोकासारखा स्वच्छ भाग दिसतो. एकाने दुर्बळ केलेले पटल दुसऱ्याच्या प्रथिनाने फुटते.

सर्वच रक्तविलयी विषे विकरे नसतात, ही बाबही येथे नमूद करणे आवश्यक आहे. परफ्रिंजेन्सचेच थीटा जीवविष पटलात छिद्रे पाडते. ते कोणताही बंध तोडत नाही. रक्तमाध्यमावर या जीवाणूभोवती आतील स्वच्छ व बाहेरील अस्पष्ट असे दुहेरी वलय दिसते. आतील वलय थीटाचे आणि बाहेरील अल्फाचे असते. विद्यार्थ्यांना एकाच बशीत हानीच्या दोन यंत्रणा शेजारी शेजारी दाखविण्याचे याहून सोपे साधन नाही.

पेशी न फोडणारी विकरे

काही विकरे पेशी फोडत नाहीत. तिचा पृष्ठभाग बदलतात. १९२० च्या दशकात ह्युबेनर आणि थॉमसन यांना असे आढळले, की जीवाणूंचा संसर्ग झालेल्या रक्तनमुन्यातील पेशी जवळजवळ कोणत्याही प्रौढ व्यक्तीच्या रक्तरसात गुठळतात. १९३० साली कोपनहेगनच्या फ्रीडेनरायख यांनी हा बदल जीवाणूंच्या विकरामुळे होतो, हे सविस्तर दाखविले. पटलावरील शर्करासाखळ्यांच्या टोकाशी असलेले सायलिक अम्ल तोडले गेल्याने एरवी झाकलेला प्रतिजन उघडा पडतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे बहुतेक प्रौढांच्या रक्तात असतातच. १९४० च्या दशकात मॅकफार्लेन बर्नेट यांच्या गटाने कॉलऱ्याच्या जीवाणूपासून असेच विकर मिळविले. १९५७ साली अल्फ्रेड गॉटशाल्क यांनी या गटाला न्यूरामिनिडेज हे नाव दिले.

१९५९ साली आणखी एक विलक्षण प्रकार नोंदविला गेला. अ गटाच्या काही रुग्णांच्या पेशी चाचणीत ब प्रतिजनही दाखवू लागल्या. जीवाणूंचे विकर अ प्रतिजनातील शर्करेचा अ‍ॅसिटिल गट काढून टाकते आणि उरलेली शर्करा ब प्रतिजनाशी मिळतीजुळती दिसते, असे पुढे कळले. येथे पेशी अखंड असते. परंतु रक्तपेढीने या बदलावर विसंबून चुकीचा गट ठरविला, तर रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो.

जनुक, रचना आणि अखेरचा पुरावा

१९४१ च्या पुराव्यात एक त्रुटी होती. तो प्रमाणांच्या जुळणीवर आधारलेला होता. जीवविषाच्या नमुन्यात अन्य पदार्थ अल्प प्रमाणात असणे शक्य होते. १९८९ साली अल्फा जीवविषाचे जनुक अनेक गटांनी वेगळे केले आणि हा प्रश्न थेट विचारणे शक्य झाले. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील अवद, रूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक निकामी केलेला जीवाणू तयार केला. उंदरांमध्ये वायुकोथ निर्माण करण्याची त्याची क्षमता नाहीशी झाली आणि जनुक परत दिल्यावर ती परत आली. अशा रीतीने ५४ वर्षांपूर्वीचा निष्कर्ष निःसंशय सिद्ध झाला.

उट्रेख्तच्या प्रयोगांतील विसंगतीचा उलगडा रेणूच्या रचनेने केला. बॅसिलस सिरियसच्या विकराची रचना १९८९ साली ज्ञात झाली होती. ते २४५ अमिनो अम्लांचे आणि एकाच भागाचे आहे. १९९८ साली परफ्रिंजेन्सच्या अल्फा जीवविषाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. ते ३७० अमिनो अम्लांचे असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग बॅसिलस सिरियसच्या विकराशी जुळतो. जस्ताचे अणू आणि लेसिथिन तोडणारी जागा त्यातच आहे. दुसरा भाग कॅल्शियमच्या साहाय्याने पटलाला चिकटतो. कात्री दोघांकडे आहे. पटल पकडणारा हात एकाकडेच आहे. विशेष म्हणजे, टिटबॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली केवळ या दुसऱ्या भागाची लस उंदरांना दिली असता त्यांना संरक्षण मिळाले होते. तोडणारा भाग शाबूत असूनही पकडणारा भाग अडविल्यास विष निष्प्रभ होते.

रुग्णशय्येजवळ

या सर्व ज्ञानाचा रुग्णाला किती लाभ झाला, हा प्रश्न टाळता येत नाही. जीवाणू रक्तात पसरल्यास काही रुग्णांत काही तासांतच प्रचंड रक्तविलयन होते. पटलाचा मेद गमावल्याने पेशी चेंडूसारख्या गोल होतात व फुटतात. रक्तद्रव लाल होतो, लघवी गडद होते आणि काविळ चढते. वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या अशा रुग्णांपैकी बहुसंख्य दगावले, तेही पुष्कळदा पहिल्या दिवसातच. प्रयोगशाळेत आलेला लाल रक्तद्रव ‘नमुना नीट घेतला नाही’ म्हणून परत पाठविला गेला, तर त्या काही तासांतील मोलाचा वेळ हातचा जातो. विलयन नळीत झाले की शिरेत, हा प्रश्न विचारणे येथे जीवनमरणाचे ठरते.

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात अशा रुग्णांत असुरक्षित गर्भपातानंतर गर्भाशयात संसर्ग झालेल्या स्त्रियांचा मोठा भाग होता. भारतात असुरक्षित गर्भपाताच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींनंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला. या रक्तविलयनाला प्रतिबंध करण्यात निर्जंतुक शस्त्रक्रिया आणि असा कायदा यांचा वाटा विकराच्या रसायनाच्या ज्ञानाहून कमी नाही.

उपचारांत प्रतिविषाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. त्या पूर्ण झाल्या नाहीत. विकर एकदा पटलावर पोहोचून काम करून गेल्यावर त्याला अडविणारे प्रतिपिंड उशिराच येते. मृत ऊती त्वरित काढून टाकणे आणि पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके हाच उपचाराचा कणा राहिला.

निष्कर्ष

या इतिहासात तांबडी रक्तपेशी तीन भूमिकांत दिसते. आरंभी ती विष मोजण्याचे साधन होती. १९४१ नंतर ती एका ज्ञात विकराचे लक्ष्य ठरली. १९७० च्या दशकात ती स्वतःच अभ्यासविषय बनली आणि जीवाणूंची विकरे तिच्या पटलाची रचना उलगडणारी हत्यारे झाली.

जीवविष हे विकर आहे, हा १९४१ चा निष्कर्ष बरोबर होता. परंतु विघटन म्हणजेच विनाश, हे त्यातून काढलेले अनुमान अपुरे होते. पटलातील निम्मे फॉस्फोलिपिड तुटूनही पेशी टिकू शकते आणि मोजकेच विघटन योग्य जागी झाल्यास ती फुटू शकते. विकराची पकड, पटलातील रेणूंची दाटी, त्यांची दोन थरांतील वाटणी आणि प्राण्याची जात या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम आहे. वर्गात शिकविल्या जाणाऱ्या त्या एका वाक्यात ‘विकर लेसिथिन तोडते’ याच्या आधी ‘पटलाला पकडू शकणारे’ ही शब्दयोजना जोडली, तर १९४१ ते १९९८ या काळातील संशोधनाचे सार विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल.